अण्णांचा हसरा फोटो

माझं माहेर नांदगावकडलं, बाप बाजारात लसूण-मिरच्या विकायचा, बारावी झाले अन् लग्न करून ओझरच्या बाजूला या गावात आले. मालकांचा फोटो स्टुडिओ. ते लग्नात फोटो काढायचे, मी घरी कॉम्प्युटरवर अल्बम करायचे, अजून करते. लोकं म्हणायची बाईमाणूस काय अल्बम करनार, पण काय सांगू तुम्हाला, नवरीचे डोळे मिटलेत का अन् सासूचं तोंड वाकडं हाय का, हे बाईलाच आधी दिसतं. कॉम्प्युटर लय जुना, दिरानं नाशकातून सेकंडहॅन्ड आणलेला, चालू व्हताना गिरणीवानी घरघरतो, पण चालतो.

तर आमच्या आळीतले अण्णा दसऱ्याच्या आधी वारले. झोपेतच गेले. त्यांच्या पोरीच्या, वर्षाच्या लग्नाचे फोटो उन्हाळ्यात आम्हीच काढले व्हते. अण्णा कधी हसलेले मी पाहिले नाय, पण पोरीच्या लग्नात एक फोटो असा आला, तोंडभरून हसताना. मला म्हणले, पोरी, पुढला दात पडलेला दिसतो, अल्बममधी नको टाकू हां. नाय टाकला. तो राहिला फक्त कॉम्प्युटरमधी. आता वर्षा म्हणती, वैनी, दहाव्याला तोच मोठा करून द्या, बाकीच्या फोटोत अण्णा चिडल्यावानी दिसतात. म्हणलं देते की, त्यात काय.

मधी आला दसरा. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराची पूजा, कुणाचे विळे-कोयते, आमचा कॅमेरा अन् कॉम्प्युटर. त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाय. मी ओल्या फडक्यानं कॉम्प्युटरचा डबा मागून-पुढून घसाघसा पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, अक्षता टाकल्या. अन् दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाय. लाईट नाय, पंखा नाय, घरघर नाय. पुन्हा दाबलं. नाय. अन् दहावा उद्यावर आलेला.

बोर्डात लाईट हाय का पाहिलं, मोबाईल लावला, चार्ज व्हत व्हता. प्रिंटरची वायर काढून डब्याला लावली, तरी नाय. मला वाटलं, संपलं, पाणी आत गेलं, अण्णांना मीच पुसून टाकलं. मालक म्हणले, अगं हात नको लावू, शॉक बसंल. नाशकातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो त्र्यंबकला गेलेला, म्हणला, परवा आणा. म्हणलं, दादा, परवा काय करू, दहावा उद्या हाय हो. माझा आवाज ऐकून तोच घाबरला असंल. म्हणला, बंद पडायच्या आधी काय केलं व्हतं? म्हणलं, पूजा. म्हणला, मागून पुसलं का? म्हणलं, हो, चांगलं घासून. म्हणला, बोर्डाचं बटण बंद करा, मंग डब्याच्या मागं वायर घुसते तिथं छोटं काळं बटण असतं, ते कुठल्या बाजूला दाबलंय बघा.

इतकी वर्षं डबा वापरते, ते बटण मला माहीतच नव्हतं. फडक्यानं बंद झालेलं. मी ते दाबलं, पण बोर्ड चालू करायला हात उचलंना. ओलं राहिलं असंल अन् भडका उडाला तर? डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं, बोर्डाचं बटण दाबलं, मंग डब्याचं. घरघर सुरू झाली. मी तिथंच खाली बसले अन् लहान पोरीवानी रडले. मालक म्हणले, अगं आता तर चालू झाला ना!

त्याच दिवशी फोटो मोठा करून काढला, दुसऱ्या दिवशी दहाव्याला नदीवर ठेवला. वर्षाची आई आली, समोर उभी राहिली. पडलेल्या दाताकडं बघितलं अन् डोक्यावरचा पदर पुढं ओढला, अण्णा घरात आले की ओढायची ना, तस्साच. मंग माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणली, सुखी राहा.

आता सगळं दोन पेनड्राईव्हमधी घेतलंय. तरी काय सांगू, भीती गेली नाय. गावातली किती गेलेली माणसं आमच्या कॉम्प्युटरमधीच हसतात. रोज सकाळी बटण दाबायच्या आधी मी जरा थांबते, मनात म्हणते, या रे बाबांनो.