दादाच्या दहाव्याचा कावळा

दादाच्या दहाव्याला बाणगंगेवर काय झालं, ऐक. कावळा पिंडाला शिवेचना. आईचा जीव खालीवर. दादाला फुटबॉलचं वेड, म्हणून मी ओरडलो, "दादा, आपली अंडर-सेव्हन्टीन टीम वर्ल्डकप जिंकेल!"

कावळा ढिम्म.

काका खेकसले, "मेल्या, वर्ल्डकपला पोरं एकदाच खेळली, तीही यजमान म्हणून. तिन्ही मॅच हरली. त्याला तोंडपाठ होतं सगळं. पटेल असं बोल!"

मी रडतच म्हणालो, "बरं दादा, हरली तरी त्यांची प्रत्येक मॅच शेवटच्या शिट्टीपर्यंत बघेन. मध्येच टीव्ही बंद नाही करणार."

झडपच घातली रे कावळ्यानं!

कालच्या मॅचला पोरांनी धडाधड गोल खाल्ले. मला उठता येईना, आणि सोबत शिव्या घालायला शेजारी दादा नाही.