पांढरी लादी

आमच्या घरातल्या विद्वानाचं तुम्हाला सांगितलंच नाही ना मी अजून? माझा धाकटा भाऊ नितेश. कॅनडात, समुद्राएवढ्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर पीएचडी करतो. हिवाळ्यात ती तळी गोठतात आणि हा वरून चालत जाऊन बर्फाला भोकं पाडतो. एवढ्यासाठी तिकडे जावं लागतं.

गेल्या नाताळात सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही पाचूबंदरला आत्याकडे गेलो. आत्या मासळी विकते. ती पापलेटं बर्फात लावत होती आणि हा तिच्यापुढे लॅपटॉप उघडून बसला.

"आत्या, हवामान बदलतंय. पूर्वी तळ्यावर काचेसारखा बर्फ व्हायचा, आता पांढरा, दुधी होतो. त्यात जोर नसतो. हे सिद्ध करायला मला तीन वर्षं लागली."

आत्याने मानही वर केली नाही. "पांढऱ्या लादीत हवा असते. कारखान्यातनं तशी आली, तर मी हात लावूनच परत धाडते."

नितेशने लॅपटॉप मिटला.

"आनि तू तो बर्फ मोजतोस कसा?" आत्याने विचारलं.

"त्याच्यावर उभा राहून."

आता मात्र तिचा हात थांबला. "जो बर्फ मी पापलेटाखाली घालत नाय, त्याच्यावर तू उभा रातोस?"

तेव्हापासून तळ्यावर पाय ठेवण्याआधी तो आत्याला बर्फाचा फोटो पाठवतो. ती नको म्हणाली, तर त्या दिवशी संशोधन बंद. प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून नाव मात्र अजून तिकडच्या प्रोफेसरचंच आहे.