पाण्याच्या मडक्यावरचं सोनं

...आणि चोरी म्हणू नका, आधीच सांगते. पहिला वर्ख आपणहून उडाला. मी फक्त वर्खाचं पुस्तक, पानापानांत सोनं ठेवलेलं, उघडून बघितलं, तर तो सोन्याचा पापुद्रा उठला, हवेत गिरकी घेतली न् थेट माझ्या पाण्याच्या मडक्यावर, लाकडी झाकणावर जाऊन बसला. आता सोनं स्वतः चालून आलं तर मी काय त्याला हाकलू? बोला ना.

छत्तीस सालची गोष्ट. आमच्या उत्तनच्या देवळातला सांत पेद्रू, आम्हा मच्छीवाल्यांचा संत, त्याचा पुतळा सणाआधी सोन्यानं मढवायचा होता. वसईहून पास्कोल मेस्त्री आणला, म्हातारा, पण हात असा की बघत राहावं. देवळात शिरतो समुद्राचा वारा, आणि वर्ख इतका हलका की कुणी शिंकलं तरी सोनं शेजारच्या तारोडी गावाला. म्हणून पाद्री म्हणाले, "रेजिन, तुझी मागची खोली बंदिस्त आहे, मेस्त्रीला दे." दिली. जेवण पण दिलं. मेस्त्री मला म्हणायचा, "बाय, खिडकी उघडू नको, मोठ्यानं बोलू नको." माझा नवरा वीस वर्षं हेच सांगून थकला, तुम्हाला सांगते, पण मेस्त्रीचं मी ऐकलं. सोन्याची जरबच वेगळी.

त्यात रविवारी तारोडीची माणसं माझ्या डॉरिसला बघायला येणार. मुलाची आई बेट्टी, ती आधीच गावभर सांगून मोकळी, "आमच्याकडं मुंबईचा आरसा हाय, सोनेरी काठाचा." आणि आमच्याकडं काय, जाळी न् टोपल्या. पाहुणा आला की आधी पाणी देतात. पाणी कशातलं, मडक्यातलं. आणि मडक्यावर झाकण, एका बाजूनं सोनं लागलेलं... अर्धवट बरं दिसतं का? म्हणून दुसरा लावला. पहिला आपणहून उडाला, दुसरा शोभेला, तिसरा दुसऱ्याच्या जोडीला... आठ झाले. आठच.

चिकटवायला मेस्त्री अंड्यातलं पांढरं लावायचा. माझी अंडी भाईंदरच्या बाजारात गेलेली. पण मच्छीवाल्याच्या घरात चिकट वस्तूला काय तोटा? घोळीचा भोत, म्हणजे त्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी, सुकवून ठेवलेला होता. तो उकळला. असा डिंक झाला की बोट सुटेना.

बेट्टीनं झाकण बघितलं न् पाणी प्यायचं विसरली. "अगो, पाण्यावर सोनं ठेवता, मग पेटीत काय ठेवत असाल?" मी नुसती हसले. लग्न ठरलं. म्हटलं, सांत पेद्रूची कृपा. होतीच की, सोनं त्याच्याच वाटणीचं.

सोमवारी मेस्त्रीच्या हातून देवाच्या हातातल्या स्वर्गाच्या किल्ल्या झाल्या, झग्याची किनार झाली, डोक्यामागचं गोल चक्र राहिलं न् वर्ख संपला. झाकण तोवर माझ्या पलंगाखाली. म्हातारा रिकामं पुस्तक पुन्हा पुन्हा चाळतो. "बाय, माझे डोळे गेले. कुठंतरी जास्त लावला असणार. चाळीस वर्सांत असं झालं न्हाय. पाद्रींना सांगतो, दुसरा मेस्त्री बघा, मी हत्यारं ठेवतो." आणि डोळे पुसले. मी काय केलं? सुरमई तळली. माणूस रडतोय न् मी वर दोन तुकडे वाढतेय. "बाय, तुझं मन सोन्याचं," म्हणाला.

उठले, झाकण काढलं, त्याच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "मेस्त्री, पहिला आपणहून उडाला."

त्यानं झाकण नाकाशी नेलं. "भोत कशाचा?"

"घोळीचा."

"चांगला धरतो."

एवढंच. शिवी दिली असती तर मी पण दोन दिल्या असत्या, फिट्टंफाट झाली असती. पण नाही. त्यानं झाकणाची मूठ कापली, झाकण देवाच्या डोक्यामागं ठोकलं, आणि पाद्रींना म्हणाला, "सोनं पुरलं."

सणाला मिरवणूक निघाली. विहिरीपाशी पहिलं मांजर आलं. मग दोन. मग गावातली सगळी, शेपट्या वर करून, सांत पेद्रूच्या मागं... ऊन तापलेलं न् भोत दरवळतोय. बायका गुडघ्यावर बसल्या. पाद्री तिथंच उभे राहून म्हणाले, "बघा, मुकी जनावरंसुद्धा संताला ओळखतात." बेट्टी चक्राकडं टक लावून बघायला लागली. मी तिचा हात धरला, "विहीणबाय, डोळे मिटा, प्रार्थना करा."

दुसऱ्या दिवशी देवळात पापाची कबुली द्यायला गेले, पाद्री बसतात त्या जाळीपाशी गुडघे टेकले, सगळं सांगितलं. पहिला आपणहून उडाला, तेही सांगितलं. पण पाद्रींनी मांजरांच्या चमत्काराचं पत्र वसईला धाडलं होतं ना. म्हणाले, "रेजिन, प्रायश्चित्त एकच. मरेपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही."

मला हे प्रायश्चित्त. जपमाळ घेऊन पन्नास रोजारी म्हटल्या असत्या, अनवाणी डोंगर चढले असते... तरी चार वर्षं सांभाळलं, दात दाबून. आणि आज तुम्ही येऊन बसलात न् विचारलंत, मावशी, मडक्यावर थाळी का ठेवलीय?

झालं. आता उद्या परत जाळीपाशी.