तुरीच्या मापाची आयसी

तळेगावात हेमराजच्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे महादेवराव उभे होते. टेबलावर त्यांची झटका मशीन उघडी पडली होती. कुंपणाच्या तारेतून रानडुकरांना झटका देणारी ती मशीन आठवडाभर बंद होती. तिच्या बोर्डावरची आयसी, म्हणजे धातूचे बारीक पाय असलेली छोटी काळी चिप, जळाली होती.

“हे घे हेमराज, आयसी. खास नागपूरले गेलतो.”

“काकाजी, नंबर बरोबर हाये, पन माप चुकलं. हे रुंद हाये. याचे पाय बोर्डावर बसत नाई.”

“एका नंबराचे दोन मापं?”

“हो ना. एकच आयसी, अरुंद बी येते अन् रुंद बी येते.”

“मी तं मापानंच आनली, बाप्पा! जुनी आयसी तुरीच्या दान्याएवढी होती. म्हनून दाना खिशात घालून नेला.”

“दाखवा बरं तो दाना.”

“तो बसमधीच पडला. मंग नागपुरात धान्याच्या दुकानातून दुसरा मांगून घेतला अन् त्याले लावून आयसी निवडली.”

“अवो, तुमची तूर बारीक, तिकडची टपोरी! वान बदलला का दाना बदलते, हे तुमाले मी सांगू?”

“सांगू नको, बसव. डुकरं हरभऱ्यात घुसून राह्यले.”

“पाय आत वाकवून पाहतो. पन मी काढून देल्ली ते जुनी आयसीच काऊन नाई नेली?”

“ते देवघरात जपून ठेवली हाये. सोबत नेली असती अन् हरपली असती तं? पाह्य ना, दाना हरपलाच!”