बीमच्या टोकाला

नणंद: आणि हे भोक कुणाच्या अकलेतून निघालं?

भावजय: माझ्याच. स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप बाहेर काढायचा होता, वन्सं. बीम आडवा आला.

नणंद: बीम आडवा आला म्हणे! बीम आडवाच असतो, बाई. तुझ्या पाइपाच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे.

भाऊ: ताई, आल्या आल्या सुरू नको ना होऊस. पाणी तरी घे.

नणंद: पाणी राहू दे. ती चीर बघितलीस? खाली कॉलमपासून निघून तिरकी भोकातून वर गेलीय. कधीपासून आहे?

भाऊ: वर ती दोन लोखंडी कपाटं चढवली ना, तेव्हापासून. मला वाटलं, प्लास्टर तडकलं असेल.

नणंद: तुला वाटलं. तुझ्या वाटण्यावर घर उभं राहत नाही. आई कुठेय?

भाऊ: वर. आत्ताच डोळा लागलाय तिचा.

नणंद: वर म्हणजे? याच्याच डोक्यावर?

भाऊ: पलंग साधारण इथेच येतो.

नणंद: मग उभा काय राहिलास? उठव तिला!

भाऊ: अगं, तिचा गुडघा... जिना उतरायला तिला किती वेळ...

नणंद: उचलून आण. मागच्या खोलीत बसव. मग समोरच्या बांधकामावरून दोन लोखंडी टेकू मागून आण. आई शिव्या देईल, देऊ दे.

(भाऊ धावत वर जातो.)

भावजय: तुम्ही म्हणता तितकी मी ढ नाही. भोक काही डोळे मिटून पाडलेलं नाही. बीम मध्ये सर्वांत जास्त वाकतो, एवढं मलाही कळतं. म्हणून तर मध्य सोडला आणि कॉलमजवळ घेतलं. आधाराच्या अगदी शेजारी.

नणंद: वा! अगदी आधाराच्या शेजारी! अगं, मध्ये वाकतो हे खरं, पण टोकाला तो कातरला जातो. वरचं सगळं ओझं शेवटी उतरतं कुठे? कॉलमवर. म्हणजे कॉलमच्या तोंडाशी बीमला कात्रीत धरल्यासारखं होतं. म्हणून तर तिथे लोखंडाच्या रिंगा अगदी जवळजवळ बांधतात. किती कापल्यास?

भावजय: मोजल्या नाहीत. ठिणग्या उडत होत्या. मशीनवाला थांबला होता मध्येच.

नणंद: आणि?

भावजय: मीच म्हटलं, चालू ठेव.

नणंद: धन्य आहे! मधोमध, बीमच्या निम्म्या उंचीवर, लहानसं पाडलं असतंस तर एक वेळ खपून गेलं असतं. वाकताना वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, मधल्या पोटाला विशेष काम नसतं. पण तू अख्ख्या बीममधली सर्वांत वाईट जागा शोधून काढलीस. पडदे आणि उशांचे अभ्रे निवडणारीनं बीमला हात लावला की हे असं होतं.

भावजय: जागा मी नाही शोधली. तुम्ही दाखवलीत.

नणंद: मी?

भावजय: मागच्या खेपेला आला होतात. जेवताना मी विचारलं, वन्सं, बीमच्या मधोमध भोक पाडलं तर चालेल का? तुम्ही ताटातून मानही वर केली नाहीत. म्हणालात, “मधोमध? शाळेतलं पोरसुद्धा असं विचारणार नाही.” सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. तुमच्या भावानं त्यांना पाणी दिलं, आणि तोही हसला.

नणंद: ती थट्टा होती. बीमला हात लावू नकोस, असा सरळ अर्थ होता तिचा.

भावजय: सरळ अर्थ सरळ शब्दांत सांगायचा होता. तुम्ही पुलांचे हिशेब करता, पण घरातल्या माणसाला धड एक वाक्य द्यायचं म्हणजे तुम्हाला कमीपणा वाटतो.

नणंद: तोंड सांभाळून बोल.

भाऊ: झालं का तुमचं? आईला मागे बसवलं. दोघींच्या नावानं बोटं मोडतेय. हे टेकू. कुठे लावू?

नणंद: भोकाजवळ. खाली जाड फळी घाल, नाहीतर फरशी फुटेल.

भावजय: भोकाच्या कुठल्या बाजूला? कॉलमच्या, की मधल्या?

नणंद: मधल्या. ओझं भोकापर्यंत पोचायच्या आधीच टेकूनं धरायला हवं.

भाऊ: बरं झालं विचारलंस. मी कॉलमला खेटून लावणार होतो.

नणंद: थांब, मी धरते. घट्ट कर. अजून. बस. आता वरची कपाटं रिकामी करायला माणसं बोलाव.

भाऊ: बोलावतो.

नणंद: आणि तू गं. एवढं नेमकं विचारता येतं तुला, मग त्या दिवशी का नाही विचारलंस? मध्ये नको, तर कुठे?

भावजय: विचारणार होते, वन्सं. पण तुम्ही सगळे अजून हसत होता.