पाणमांजराची वाट

मी जालन्याकडल्या धावड्याची, माहेरही तिथलंच अन् सासरही तिथलंच, मधी दोन गल्ल्या. आमच्याकडं पाण्याचं एकच काम, अडवायचं. रोजगार हमीवर नाल्याचे बांध घालू घालू माझ्या हाताला घट्टे पडले. बांध कुठं पाझरू राह्यला ते मला लांबूनच कळायचं.

मंग नव्वदच्या पुढं कधी तरी मुकादम आल्ता, म्हणला कोकणात वनखात्याचं काम हाये, चला. आमचे हे म्हणले इतक्या लांब कशाला, मी म्हणलं मला समुद्र पाह्यचाय. काय सांगू तुम्हाला, सकाळी होता अन् दुपारी गेल्ता, नुसता चिखल. मी ह्यांना इचारलं कुठं गेला, हे म्हणले मला काय इचारती. संध्याकाळी बराबर परत आला. मी बोट बुडवून चाटून पण पाह्यलं.

खाडीच्या कडंला जुना बांध होता, त्याच्या आतली तिवराची, म्हंजी खारफुटीची, झाडं मरून गेल्ती. त्या झाडांत पाणमांजरं राहायची, मासे खाणारी, आता लई थोडी उरली असं वनखात्याचे साहेब सांगायचे. त्या झाडांतल्या एका जातीचं बी झाडावरच उगवतं, शेवग्याच्या शेंगंसारखं लोंबतं, ते आम्ही बांधाच्या आतल्या चिखलात खोचत जायचो. एक दिवस रोपांत पावलं दिसली, पाच बोटांची. साहेब तिथंच चिखलात बसले, म्हणले आलं, इतक्या वर्षांनी आलं.

साहेब आठ दिवस तालुक्याला गेले. बाजाराच्या दिवशी सगळे बाजारात, मी एकटीच त्या पावलांमागं निघाले, म्हणलं राहतं तरी कुठं पाहू. पावलं बांधापाशी गेली, तिथं बांध फुटल्याला. कोणी मुद्दाम फोडला असंल हे माझ्या डोक्यात यायचं कामच न्हाई. पदर खोचला, दगड लावले, वर चिखल थापला, बिलकुल थेंब जाऊ दिला न्हाई. मुकादम पाहून म्हणला वा, जालन्याचा हात हाये.

साहेब आले तवर रोपांनी माना टाकल्या होत्या, चिखलाला भेगा, पावलं कुठंच न्हाई. कोणी बुजवलं म्हणले. मी म्हणलं म्या. साहेब वरडले असते तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणले, बाई, खारं पाणी आत यावं म्हणून आम्हीच फोडल्ता, अन् त्या जनावराची तीच वाट होती. मला लई वाईट वाटलं, दोन दिवस भाकर गोड लागली न्हाई.

मंग म्या स्वतःच कुदळ घेतली. जन्मात पहिल्यांदा बांध फोडू राह्यले होते, हातच उठंना. पाणी आत गेलं, पंधरा दिवसांत बरीच रोपं उभी राह्यली. मी रोज सकाळी जाऊन चिखल पाह्यची. मंग काम संपलं, आम्ही गाडीत बसलो. तवर काही ते जनावर आलं न्हाई.

नंतर आलं का, मला ठाऊक न्हाई. कोणाला इचारू? जिथं असंल तिथं लेकराबाळांसकट सुखी राहो. आता शेतात बांध फुटला की पोरगं म्हणतं, माय, जल्दी बुजव. बुजवते की, इथं बुजवावाच लागतो. पण आधी वाकून चिखलात पाह्यते, कोणाची पावलं हायेत का.