पाच जानेवारीची नोंद

(मिनेसोटाच्या उत्तर टोकाचं लहानसं गाव. जानेवारीअखेरचा गुरुवार, दुपार. गावच्या लायब्ररीत कर्टिस नीमी दर गुरुवारी लोकांची बिघडलेली यंत्रं बघून देतो. त्याच्यासमोर ल्युएला स्कॉग बसल्या आहेत. शाळेची बस अठ्ठावीस वर्षं चालवून आता घरी असतात.)

कर्टिस: …म्हणून म्हणतो मिसेस स्कॉग, या लॅपटॉपला काहीएक झालेलं नाही. सव्वादोन तास मी याच्यावर मासेमारीचा व्हिडिओ चालू ठेवलाय. शंभरावरून नऊ टक्क्यांवर उतरला. दहाला पाटी आली, बॅटरी संपतेय म्हणून. टुणकन वाजलासुद्धा. तुम्ही ऐकलंत ना?

ल्युएला: ऐकलं. तुझ्यासमोर शहाण्यासारखा वागतो.

कर्टिस: आणि तुमच्यासमोर?

ल्युएला: पन्नास टक्के दाखवतो आणि एकदम काळा. पाटी नाही, टुणटुण नाही. मी बोलत असते आणि बोलता बोलता काचेत माझंच थोबाड दिसायला लागतं.

कर्टिस: कोणाशी बोलताना? म्हणजे चौकशी म्हणून नाही हं. व्हिडिओवर बोलायचं तर बॅटरी जास्त खाल्ली जाते, म्हणून विचारतो.

ल्युएला: पोराशी, कोरीशी. तो तुरुंगातून बोलतो. रविवारी दुपारी बारा चाळीसला वीस मिनिटं देतात. मध्ये तुटलं की तुटलं. परत लावता येत नाही, मग पुढचा रविवार.

कर्टिस: अच्छा. कसा आहे कोरी?

ल्युएला: तू बॅटरीचं बघ.

कर्टिस: बघतोय, बघतोय. पंखा साफ आहे. बॅटरी जुनी आहे पण मेलेली नाही. पाटी कधी दाखवायची तेही नीट लावलेलं आहे. कोणी दिला हा तुम्हाला?

ल्युएला: भाचीनं. तिनं नवा घेतला. देताना म्हणाली, मावशी, अगदी ठणठणीत आहे.

कर्टिस: खोटं नाही बोलली ती. बरं, बोलताना चार्जर लावून बसता की तसाच?

ल्युएला: तसाच.

कर्टिस: का? घरात भिंतीला प्लग आहेत की.

ल्युएला: टेबल लांब पडतं.

कर्टिस: मिसेस स्कॉग.

ल्युएला: काय?

कर्टिस: तुमच्या रस्त्यावर इंटरनेट कुठाय? टेलिफोन कंपनीत होतो तेव्हा ती तार मीच ओढत नेली होती. पुलापाशी थांबवली आम्हाला. पलीकडच्या चार घरांसाठी नदी ओलांडणं साहेबांना परवडेना. मग तुम्ही टेबलावर बसून बोलता कशा?

ल्युएला: लहानपणापासून चोंबडा आहेस तू. बसमध्ये सगळ्यांच्या डब्यात डोकवायचास.

कर्टिस: डोकवायचो. म्हणूनच आज लोक मला यंत्रं आणून देतात. कुठे बसता सांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत मी हेच मासे बघत बसेन.

ल्युएला: इथेच.

कर्टिस: इथे? रविवारी तर कुलूप असतं.

ल्युएला: बाहेर. पार्किंगमध्ये. गाडीत. त्या बर्फाच्या ढिगाऱ्याशी लावली ना गाडी, की तुमचं वायफाय येतं. कोपऱ्यातून दोन रेघा दिसतात.

कर्टिस: गाडीत? या थंडीत? गेल्या रविवारी शून्याखाली बावीस होतं.

ल्युएला: मला थर्मामीटर वाचता येतो.

कर्टिस: हीटर तरी लावत असाल.

ल्युएला: इंजिन चालू ठेवलं की घरघरीत त्याला माझं ऐकू जात नाही. वर मागून धूर निघतो. धूर दिसला की कोणीतरी काचेवर टकटक करणारच, बरी आहेस ना, काही हवंय का. आपल्या गावाला ती खोड आहे. आणि पडद्यावर कोरी, तुरुंगाच्या कपड्यात.

कर्टिस: चर्चच्या तळघरात बसायचं मग. ऊब आहे, कॉफी आहे, वायफाय तर मीच बसवून दिलंय.

ल्युएला: तिथे लाहती नवरा-बायको असतात, डोनट खात. काठी टेबलाला टेकवून ठेवतो म्हातारा. त्याच्यासमोर बसून मी कोरीला विचारू, जेवलास का राजा?

कर्टिस: हो. खरंय. माझ्या लक्षात नाही आलं.

ल्युएला: तीन वर्षं झाली, कर्टिस. नशेच्या गोळ्यांसाठी लाहतींचं औषधांचं दुकान फोडलं ते फोडलं, म्हाताऱ्याला ढकलायची काय गरज होती? त्याचं कमरेचं हाड मोडलं. लहानपणी कोरीचा खोकला त्याच माणसानं औषधं देऊन बरा केला होता. राहतात माझ्यासमोरच. स्वयंपाकघराचा पडदा मी तेव्हापासून उघडलेला नाही.

कर्टिस: रविवारी चर्च सुटेपर्यंत लॅपटॉप कुठे असतो?

ल्युएला: डिकीत. शनिवारी संध्याकाळीच ठेवून देते. म्हातारपणी विसरायला होतं, ऐन वेळी घरी राहिला तर काय करू?

कर्टिस: शनिवारी रात्रभर डिकीत.

ल्युएला: कुलूप असतं डिकीला.

कर्टिस: चोराचं नाही म्हणत मी. गाडीच्या इंजिनाला रात्री हीटरची वायर लावता की नाही?

ल्युएला: लावणारच. नाहीतर सकाळी सुरू होईल का ती?

कर्टिस: का नाही होणार?

ल्युएला: गारठून. हे काय विचारणं झालं? दोन वर्षांच्या पोराला… अगं बाई.

कर्टिस: तेच. इंजिनाला ऊब देता आणि त्याच्याच मागे हा बिचारा रात्रभर कुडकुडत पडलेला. गारठलेल्या बॅटरीत वीज असते, पण ती बाहेर येईनाशी होते. आकडा पन्नास दाखवतो, कारण त्याला वाटतं आहे की भरपूर. व्हिडिओनं जोरात ओढलं की जागीच कोसळतो. पाटी दाखवायलासुद्धा वेळ मिळत नाही त्याला. आणि इथे आणला की दहा मिनिटांत ऊब येते, मग तुम्ही खोट्या पडता.

ल्युएला: म्हणजे माझीच चूक.

कर्टिस: चूक कसली? शनिवारी रात्री घरात घ्यायचा, उशाशी. गाडीत बसलात की कोटाच्या आत धरायचा. सोपं आहे. पुढच्या रविवारी बघाच तुम्ही.

ल्युएला: पुढचा रविवार नाहीये.

कर्टिस: म्हणजे?

ल्युएला: गेले दोन रविवार तो आलाच नाही समोर. मी बसले आपली वाट बघत, खुर्ची रिकामी. तिथल्या बाईंना फोन केला तर म्हणाल्या, त्याला यायचं नाही. आई बोलणं तोडते म्हणतो. नको तो विषय निघाला की बटण दाबते म्हणतो.

कर्टिस: अहो पण ते तर थंडीनं…

ल्युएला: म्हणून तर आले तुझ्याकडे. दुरुस्तीसाठी नाही आले. मला कागद हवाय. लायब्ररीचा, शिक्का मारलेला. यंत्रात दोष होता, आईनं तोडलेलं नाही, असा. पत्र दिलं तर ते त्याच्या हातात देतात. माझ्या शब्दावर त्याचा भरवसा नाही, शिक्क्यावर बसेल.

कर्टिस: घाई आहे का?

ल्युएला: एप्रिलमध्ये सुटतोय. पंधरा फेब्रुवारीच्या आत त्यानं पत्ता द्यायचाय, कुठे राहणार त्याचा. नाही दिला तर डुलुथला पाठवतील, सुटलेल्यांच्या वसतिगृहात. तिथे काय काय विकायला येतं ते मला नको सांगूस.

कर्टिस: नाही सांगत. कागदापेक्षा चांगली वस्तू आहे माझ्याकडे, थांबा. हे यंत्र स्वतःची डायरी लिहितं. कधी सुरू झालं, कधी झोपलं, कधी कोसळलं, तारीखवेळेसकट. ते छापून देतो, वर लायब्ररीचा शिक्का. मग कोण नाही म्हणेल?

ल्युएला: सगळं लिहितं?

कर्टिस: सगळं. हे बघा. आठ डिसेंबर, दुपारी बारा बावन्न. अचानक बंद. बावीस डिसेंबर, बारा सत्तेचाळीस. अचानक बंद. बारा जानेवारी, बारा चव्वेचाळीस, तेच. म्हणजे चार मिनिटंही टिकलं नाही त्या दिवशी. आणि मधली ही पाच जानेवारी…

ल्युएला: काय झालं?

कर्टिस: काही नाही. ही वेगळी आहे जरा.

ल्युएला: वाच.

कर्टिस: पाच जानेवारी, बारा छप्पन्न. यंत्र नीट झोपवलं. कारण, झाकण मिटलं. बॅटरी… सदुसष्ट टक्के.

ल्युएला: सदुसष्ट.

कर्टिस: असं होतं कधीकधी. हात लागतो, जाड हातमोजे असले की कळत पण नाही. ही ओळ छापायलाच हवी असं काही नाही, मिसेस स्कॉग. तीन छापू. तीन पुष्कळ झाल्या.

ल्युएला: हात नाही लागला. मी मिटलं.

कर्टिस: बरं.

ल्युएला: बरं काय? विचार की का म्हणून. एरवी सगळं विचारतोस.

कर्टिस: का मिटलंत?

ल्युएला: छान चाललं होतं त्या दिवशी. तिथे सुतारकाम शिकवतात, एक कपाट केलंय त्यानं, त्याचं सांगत होता. मग मध्येच म्हणाला, आई, सुटल्यावर मी घरी येऊ का? एवढंच. पोरगं छत्तीस वर्षांचं, आणि आपल्याच घरी यायला विचारतंय. आणि मी झाकण मिटलं. आधी दोन वेळा आपोआप गेलं होतं ना, म्हटलं हेही त्यातच खपेल. त्याला काय कळतंय.

कर्टिस: आणि बारा तारखेला?

ल्युएला: बारा तारखेला त्यानं आल्या आल्या परत तेच काढलं. आई, गेल्या वेळचं राहिलं. आणि हे गेलं, आपणहून. कर्टिस, मला बरं वाटलं. तिथे गाडीत बसून मी देवाचे आभार मानले. तुला सांगते, आपल्या पोराच्या तोंडावर काळोख झाला म्हणून कुठली आई आभार मानते?

कर्टिस: लाहतींमुळे ना? समोरासमोर घरं. त्यांना काय वाटेल, हे तुम्ही…

ल्युएला: मलाही तसंच वाटायचं. सोयीचं होतं ते. अधिकाऱ्यांनी लाहतींना पत्र पाठवून विचारलं, समोर येऊन राहिला तर तुमची हरकत आहे का. म्हाताऱ्यानं उलट टपाली कळवलं, हरकत नाही. हॅरिएट लाहती स्वतः येऊन मला सांगून गेली, दारातच उभी राहून. आता नाही म्हणणारी मी एकटीच उरले.

कर्टिस: भीती वाटते त्याची?

ल्युएला: त्याची नाही. माझी वाटते. रविवारी वीस मिनिटांचा मुलगा मला जमतो. कंगवा फिरवते, लिपस्टिक लावते, हसते. घरी आला की सकाळी आहे, दुपारी आहे, बाथरूममध्ये जास्त वेळ लागला तर मी दाराला कान लावून उभी आहे. रात्री गाडीची किल्ली उशीखाली घेऊन झोपेन मी. आणि त्याला ते दिसणार. मला माणसाची सवय राहिली नाही रे. आठवडा जातो, तोंडातून शब्द निघत नाही. परवा दुकानात त्या पोरीनं विचारलं पिशवी हवी का, तर माझा आवाजच फुटेना.

कर्टिस: कळतंय मला.

ल्युएला: तुला काय कळतंय?

कर्टिस: माझी शेरी गेल्यापासून घरी एकटाच आहे, गुरुवारची वाट बघतो. तुमचा हा लॅपटॉप दहा मिनिटांत तपासून झाला होता. दोन तास मासे उगाच लावून ठेवले. तुम्ही बसल्या होतात म्हणून.

ल्युएला: ते कळलं होतं मला.

कर्टिस: कळलं होतं?

ल्युएला: अठ्ठावीस वर्षं आरशातून पोरं बघितलीयत मी. कोण खिडकीबाहेर बघतंय आणि कोण उतरायचं टाळतंय, पाठमोरीही सांगते.

कर्टिस: मग काय करायचं? तीन छापू?

ल्युएला: तीन छापल्या तर काय होईल?

कर्टिस: त्याची खात्री पटेल की तुम्ही तोडलं नाही. बोलायला येईल.

ल्युएला: आणि पाच तारीख? ती त्याला पाठ असेल. सगळ्या कागदात तो तीच शोधेल आधी. नाही सापडली की समजेल, आई अजून झाकण मिटून बसलीय.

कर्टिस: छापली तर चिडेल.

ल्युएला: चिडू दे. खरं आहे त्यावर तरी चिडेल. छाप. सगळ्या छाप, चारही.

कर्टिस: … हे घ्या. शिक्का इथे मारला. खाली बरीच जागा उरलीय. काही लिहायचं असेल तर सांगा, मी टाइप करून देतो. माफी वगैरे.

ल्युएला: माफी नको. त्याचं उत्तर राहिलंय. घराचा पत्ता घाल.

कर्टिस: पत्ता? तो पाठ असेल हो त्याला. त्याच घरात वाढला तो.

ल्युएला: असू दे पाठ. पेन दे इकडे, मी लिहिते.